पुण्याच्या नाना पेठेतलं ऑइल सीलचं दुकान, जेसीबीवाल्यांनी जरूर जावं

आमच्या जेसीबी थ्रीडीएक्सचं मागचं क्रँक सील, म्हणजे इंजिनच्या क्रँकशाफ्टभोवती ऑइल अडवणारी रिंग, गळायला लागलं, म्हणून इथं गेलो. आधी गावाकडं विचारलं होतं तर काउंटरवरच्या पोरानं जुनं सील व्हर्नियरनं मोजलं आणि त्याच मापाचं दुसरं पुढ्यात टाकलं, संपला विषय.

इथले काका आधी इंजिनचा नंबर मागतात. बरोबरच आहे, जुन्या थ्रीडीएक्सला किर्लोस्करचं इंजिन, नंतरच्यांना जेसीबीचं स्वतःचं, नुसतं थ्रीडीएक्सचं सील द्या म्हणून कसं चालेल? मग सील पुढचं का मागचं, आणि क्रँकवर नख फिरवून बघितलं का. नख अडकत असेल तर जुन्या सीलच्या ओठानं, म्हणजे शाफ्टला घासणाऱ्या आतल्या कडेनं, शाफ्टला चर पाडलाय, तिथं कितीही भारी सील टाका गळणारच, शाफ्टवर पातळ स्लीव्ह (नळीसारखं कव्हर) चढवावी लागते. तीही ठेवतात.

मटेरियलचं पण नीट सांगतात. नायट्राइल रबर साधारण १०० डिग्रीपर्यंत बरं, व्हायटन २०० पर्यंत तग धरतं. "चाकाला टाका भाऊ नायट्राइल बिनधास्त, क्रँकला नको, कडक होऊन तडकतं." आणि तपकिरी दिसलं की व्हायटन असं काही नसतं बरं का, रबराला रंग कुठलाही देता येतो, लोकल मालात हाच खेळ चालतो.

मला टेफ्लॉन ओठाचं दिलं. त्यात स्प्रिंग नसते आणि आत प्लास्टिकची रिंग येते, ती बसवताना लागते, आधीच काढून फेकायची नाही. शिवाय ते कोरडंच बसवायचं. आमच्या फिटरला दिसेल तिथं ग्रीस फासायची सवय, काकांनी त्याला फोनवरच झापला 😄 वर ब्रीदर (इंजिनमधली हवा बाहेर सोडणारी वाट) साफ करायला लावला, कारण तो चोंदला की क्रँककेसमध्ये प्रेशर वाढतं आणि नवीन सीलमधून पण ऑइल बाहेर येतं.

रेट लोकलपेक्षा चांगलाच जास्त आहे, पण मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवायची मजुरी आणि मशीन उभी राहिल्याचं भाडं बघता सीलमध्ये पैसे वाचवण्यात काय अर्थ आहे मला कळत नाही. सील बसवल्यापासून खालची बाजू कोरडी आहे.

पाकीट फोडलं की परत घेत नाहीत, पोकलेनचा माल बऱ्याचदा ऑर्डर द्यावा लागतो, आणि पक्कं बिल मागितलं की काका जरा तोंड वाकडं करतात, देतात पण. गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. इंजिनच्या नंबर प्लेटचा फोटो पाठवला तर ट्रॅव्हल्सनं पार्सल टाकतात.