गाण्यांसाठी स्विच: साधा, मॅनेज्ड की ‘ऑडिओफाइल’?

घरात नेटवरून गाणी वाजवणारा स्ट्रीमर येतो, त्याच्यामागून गाणी साठवायला नॅस, म्हणजे घरच्या जाळ्यावरची सामायिक डिस्क, येतो, टीव्ही तर आधीपासून असतोच. मग एक दिवस राउटरच्या पाठीमागे हात घालून चाचपावं, तर एकही पोर्ट रिकामा नाही. इथून स्विचची शोधाशोध सुरू होते आणि शोधता शोधता गोंधळ वाढतो. तळहातावर मावणारी पाच पोर्टची डबीही स्विचच, सेटिंगची पानंच्या पानं असलेला मॅनेज्डही स्विचच, आणि स्पीकरच्या चांगल्या जोडीइतकी किंमत सांगणारी जाड अॅल्युमिनियमची ‘ऑडिओफाइल’ पेटीही स्विचच. तिघांचंही मूळ काम एकच: एका केबलमधून आलेलं माहितीचं पाकीट बरोबर त्या दुसऱ्या केबलमध्ये टाकणं.

माझा कल आधीच सांगून टाकतो. चांगल्या स्विचने आवाज सुधारत नाही. पण चुकीचा स्विच घेतला किंवा बरोबर स्विच चुकीचा जोडला, तर गाणं अडखळतं आणि अॅपमधून स्ट्रीमर गायब होतो. पारख करायची ती यासाठी.

वेगाची काळजी तर पहिल्या पाच मिनिटांतच सोडून देता येते. सीडीच्या दर्जाचं गाणं म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिट, दोन चॅनल. हिशेब होतो १.४ मेगाबिट प्रतिसेकंद. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचं गाणं घेतलं तरी ९.२ मेगाबिट. डीएसडी२५६ सारखा खादाड प्रकार २२.६ मेगाबिटवर थांबतो. फ्लॅकमध्ये दाबलेली फाइल याहून कमी घेते. म्हणजे चार खोल्यांत चार वेगवेगळी १९२ किलोहर्ट्झची गाणी एकाच वेळी लावली, तरी बेरीज ३७ मेगाबिटच्या आसपास, आणि अगदी जुन्यापान्या स्विचचा एकेक पोर्ट १०० मेगाबिटचा असतो. कित्येक स्ट्रीमरना पोर्टच १०० मेगाबिटचा दिलेला असतो. त्यामुळे गिगाबिट स्विचवर त्या एका पोर्टचा दिवा वेगळ्या रंगाचा दिसला तर काही बिघडलं असं समजू नका. तरीही घ्यायचा तो गिगाबिटच, कारण नॅसवर शेकडो अल्बम चढवताना तुमचा वेळ वाचतो. गाण्याला त्याने काही फरक पडत नाही.

मुळात स्विच हवाच का?

राउटरमागचे लॅन पोर्ट म्हणजे आतून एक छोटा स्विचच असतो. तिथे जागा असेल आणि केबल पोचत असेल तर स्ट्रीमर थेट तिथे लावा. मध्ये आणखी एक पेटी आणि आणखी एक अॅडॅप्टर आणून काही मिळत नाही.

वायफायवर चालणाऱ्या स्ट्रीमरबद्दलही तेच. महिनोन्‌महिने एकदाही न अडखळता वाजत असेल, तर केवळ कुणीतरी सांगितलं म्हणून भिंतीला भोकं पाडू नका. हवेतली वाट मात्र सगळ्यांची सामायिक असते: शेजाऱ्यांची, फोनची, २.४ गिगाहर्ट्झवर असाल तर मायक्रोवेव्हचीसुद्धा. नेमकी रात्रीच गाणी तुटायला लागली की केबलची आठवण होते.

स्विच खरोखर लागतो तो दोन वेळा. एक, पोर्ट संपले. दोन, ज्या खोलीत वाद्यसंसार मांडला आहे तिथपर्यंत एकच केबल गेली आहे आणि तिथे स्ट्रीमर, नॅस, टीव्ही असे तिघे बसले आहेत. या दुसऱ्या मांडणीचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. नॅस आणि स्ट्रीमर एकाच स्विचवर असले की त्यांची देवाणघेवाण तिथल्या तिथे होते, राउटरपर्यंत जातच नाही. मुलं पलीकडच्या खोलीत भलीमोठी गेम उतरवून घेत असली, तरी नॅसवरचं गाणं निवांत चालू राहतं. इंटरनेट गेलं तरीही. राउटरच बंद पडला तर मात्र फोनचं वायफाय जातं, आणि मग गाणं वाजतंय पण बदलता येत नाही, अशी गंमत होते.

साधा स्विच

याला सेटिंग नाही, पासवर्ड नाही, अॅप नाही. वीज द्या, केबल खोचा, विसरून जा. धातूचं कवच आणि पंखा नसलेला घ्यावा. पाच की आठ पोर्ट, यात आठच. पाचातला एक राउटरकडे जाण्यातच खर्च होतो, उरतात चार, आणि घरातल्या वस्तू कमी झाल्याचं आजवर ऐकिवात नाही. केबल कॅट५ई पुरते. तांब्याच्या केबलची १०० मीटरची मर्यादा घरात कुणी गाठत नाही.

याचा दोष एकच, पण तो मी स्वतः भोगला आहे. एकदा साफसफाईनंतर कपाटामागे केबलचं एक मोकळं टोक लोंबताना दिसलं. सुटलं असेल म्हणून मी ते स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये बसवलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. क्षणात सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकायला लागले आणि घरातलं सगळं नेट बसलं. सर्वांसाठी म्हणून निघालेलं पाकीट त्या वर्तुळात फिरत राहतं, प्रत्येक फेरीत त्याच्या नव्या प्रती निघतात आणि जाळं तुंबून जातं. मी आधी राउटरला दोष दिला, मग इंटरनेट कंपनीला फोन लावून बसलो. केबलपर्यंत पोचायला दुपार झाली. काही साध्या स्विचमध्ये असं वर्तुळ ओळखायची सोय असते. दोन सारख्या मॉडेलमधून निवडायचं असेल तर तेवढं बघून घ्यावं.

मॅनेज्ड स्विच

मॅनेज्ड स्विच स्पॅनिंग ट्री नावाच्या पद्धतीने असं वर्तुळ ओळखून एक पोर्ट आपणहून बंद करतो. शिवाय जाळ्याचे वेगळे भाग (व्हीलॅन) करणं, प्रत्येक पोर्टवर किती चुका झाल्या ते पाहणं, हेही येतं. ‘आधुनिक तेच घ्यावं’ म्हणून बरेच जण इकडे वळतात, आणि ‘अॅपमध्ये स्ट्रीमर दिसत नाही’ ही रड सर्वांत जास्त इथेच ऐकू येते. याचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे.

फोनवरचं अॅप स्ट्रीमरला शोधतं ते हाका मारून. एअरप्ले आणि क्रोमकास्ट यांची हाक २२४.०.०.२५१ या पत्त्यावर जाते, डीएलएनए आणि यूपीएनपी (घरच्या जाळ्यावर गाणी शोधून वाजवण्याच्या पद्धती) यांची २३९.२५५.२५५.२५० वर. हे कुणा एकाचे पत्ते नाहीत. ज्याला ऐकायचं त्याने कान द्यावा, अशा समूहाचे पत्ते आहेत. साधा स्विच ही हाक सरळ सगळ्या पोर्टवर पोचवतो. बावळटपणाच तो, पण काम होतं. मॅनेज्ड स्विचमध्ये आयजीएमपी स्नूपिंग चालू असेल, तर तो कोणत्या पोर्टवरचं उपकरण कोणत्या समूहात आहे याची यादी ठेवतो आणि हाक तेवढ्यांनाच देतो. अडचण अशी की ‘अजून आहात ना?’ असं अधूनमधून विचारणारा एक क्वेरियर जाळ्यात लागतो. तो नसेल तर यादीतली नावं जुनी होऊन गळतात. त्याची नेहमीची मुदत २६० सेकंदांची, म्हणजे सव्वाचार मिनिटांहून किंचित जास्त.

लक्षणावरून हा आजार हमखास ओळखता येतो. स्ट्रीमर बंद-चालू केला की अॅपमध्ये दिसतो, चार-पाच मिनिटांनी नाहीसा होतो, पुन्हा बंद-चालू केला की पुन्हा हजर. अनेकदा एअरप्ले चालू राहतं आणि डीएलएनए तेवढं जातं, कारण २२४.०.० ने सुरू होणारे पत्ते स्विचने यादी न बघता सगळीकडे पाठवावेत असा संकेत आहे आणि बहुतेक स्विच तो पाळतात. उपाय दोन: स्विचच्या किंवा राउटरच्या सेटिंगमध्ये क्वेरियर चालू करा, नाहीतर स्नूपिंगच बंद करा. दहा-बारा उपकरणांच्या घरात ते बंद ठेवल्याने काडीचाही फरक पडत नाही.

व्हीलॅनचंही तसंच. स्ट्रीमर एका भागात आणि फोन दुसऱ्या भागात ठेवला की हाक भिंतीपलीकडे जात नाही; एअरप्ले-क्रोमकास्टची हाक पलीकडे नेणारा एमडीएनएस रिफ्लेक्टर राउटरमध्ये लावावा लागतो. हे वाक्य वाचून कंटाळा आला असेल तर मॅनेज्ड स्विच तुमच्यासाठी नाही, आणि यात कमीपणाही काही नाही.

तो कुणी घ्यावा? घरभर सोनॉससारखी उपकरणं आहेत, आपापसात वायरलेस जाळं बांधणारी, आणि त्यांतली दोन-तीन केबलनेही जोडायची आहेत, तर स्पॅनिंग ट्री नीट सांभाळणारा स्विच उपयोगी पडतो. नाहीतर वायरलेस आणि केबल मिळून तेच माझ्यासारखं वर्तुळ तयार होऊ शकतं. दुसरा प्रसंग ईईईचा. वीज वाचवण्यासाठी शांत पोर्टला डुलकी घेऊ देणारी ही सोय २०१० साली प्रमाणित झाली. एखाद्या स्ट्रीमरचं तिच्याशी जमत नाही आणि जोडणी मध्येच तुटते. मॅनेज्डमध्ये ती बंद करता येते, साध्यात सहसा नाही.

दांते किंवा एईएस६७ या व्यावसायिक ध्वनी-जाळ्यांच्या पद्धतींसाठी दिलेल्या सूचना वाचून मात्र घाबरू नका. स्टुडिओत आणि सभागृहात आवाज त्या क्षणीच पोचावा लागतो, म्हणून तिथे घड्याळं जुळवणं आणि पाकिटांना अग्रक्रम देणं आवश्यक असतं. घरचा स्ट्रीमर गाणं आधी साठवून मग वाजवतो.

कार्यालयातून उतरलेला चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच स्वस्तात मिळतो म्हणून उचलायचा मोह होतो. आधी तो चालू करून ऐका. त्यातल्या पंख्यांची घरघर तुमच्या स्पीकरसमोर एखाद्या शांत आलापात चांगलीच ऐकू येईल.

ऑडिओफाइल स्विच

यांचे दावे साधारण दोन: आतलं घड्याळ अतिशय अचूक आहे, आणि विजेचा गोंगाट पुढे जाऊ दिला जात नाही.

घड्याळाचा दावा मला पटत नाही. स्विच पाकीट घेतो, स्मृतीत ठेवतो, मग पुढे पाठवतो. प्रत्येक पाकिटासोबत ३२ बिटांची पडताळणीची बेरीज असते. ती जुळली नाही तर पाकीट फेकून दिलं जातं, आणि घरगुती स्ट्रीमिंगमध्ये सहसा ते पुन्हा मागवलं जातं. पोचलेलं सगळं स्ट्रीमरच्या बफरमध्ये जमा होतं. तिथून नमुने कोणत्या ठेक्यात बाहेर काढायचे हे शेवटी डॅकजवळचं, म्हणजे आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपजवळचं, घड्याळ ठरवतं. स्विचच्या घड्याळाला तिथे मत नाही. घरीच करून बघा: गाणं चालू असताना स्ट्रीमरची केबल उपसा. बहुतेक स्ट्रीमर काही सेकंद, काही तर उरलेलं अख्खं गाणं, तसेच वाजवत राहतात. त्या वेळात स्विच जोडलेलाच नाही. आवाज बदलला का, ते तुमच्या कानांना विचारा.

गोंगाटाचा दावा इतका सहज झटकता येत नाही. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि मानकानुसार तो १,५०० व्होल्टच्या चाचणीत टिकावा लागतो, त्यामुळे दोन उपकरणांत थेट विद्युत जोड नसतो. पण आवरण असलेली, धातूच्या टोकांची केबल लावली की दोन्हींची कवचं त्या आवरणातून जोडली जातात आणि स्पीकरमधून हम्म असा सूर येऊ शकतो. त्यावर उपाय म्हणून महागडी पेटी आणण्याआधी साधी, बिनआवरणाची, प्लॅस्टिकच्या टोकांची केबल लावून बघावी. तेवढ्याने भागलं नाही तर फायबर आहे: दोन मीडिया कन्व्हर्टर (विजेच्या संकेताचा प्रकाश करणाऱ्या डब्या) आणि मधे काच, म्हणजे विजेला वाटच नाही. मात्र स्ट्रीमरच्या बाजूचा कन्व्हर्टर स्वतःच्या अॅडॅप्टरवर चालतो, आणि तो अॅडॅप्टर गचाळ असेल तर दारातून हाकललेला गोंगाट खिडकीतून आत.

असे स्विच लावून आणि काढून डॅकच्या बाहेर पडणाऱ्या संकेताची मोजमापं झालेली आहेत, आणि चांगल्या डॅकमध्ये फरक सापडलेला नाही. तुम्हाला ऐकू येतोय असं वाटलं तर केबल बदलायचं काम दुसऱ्याकडे द्या, तुम्ही पाठ करून बसा, आणि पंधरा-वीस वेळा अंदाज लिहून ठेवा. पेटी देखणी असते, मांडणीत शोभते, आणि त्यासाठी कुणी घेत असेल तर माझी तक्रार नाही. एवढाच खर्च स्पीकरवर किंवा खोलीतल्या जाड पडद्यांवर केला तर फरक ऐकायला पाठ करून बसावं लागत नाही.

जोडताना

दहातल्या नऊ घरांना मी आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विचच सांगतो. तो राउटरच्या लॅन पोर्टला जोडायचा. इंटरनेट कंपनीची फायबरची डबी आणि राउटर यांच्या मधे नाही; तिथे लावला तर स्ट्रीमरला पत्ता मिळत नाही, किंवा मिळाला तरी फोनपेक्षा वेगळ्या जाळ्यातला. त्या डबीतही एक राउटर दडलेला असेल आणि तुमचा स्वतःचा त्याच्यामागे असेल, तर स्ट्रीमर १९२.१६८.१ मध्ये आणि फोन १९२.१६८.० मध्ये अशी ताटातूट होते. दोन राउटरपैकी एकाला ब्रिज किंवा अॅक्सेस पॉइंट करा, म्हणजे पत्ते वाटणारा एकच उरेल. फोन पाहुण्यांच्या वायफायवर असेल तरी स्ट्रीमर दिसणार नाही, आणि हे तपासायचं सगळ्यात शेवटी सुचतं.

नॅसचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा. माझ्या केबलवर त्या दुपारनंतर आहेत.