चुहाची निनोमिया यांच्यासाठी एकच दिवस असेल तर: यावाता की मान्नो?

जपानी विमानविद्येचे आद्य संशोधक चुहाची निनोमिया (१८६६-१९३६) यांच्या खुणा पाहायच्या, पण हाताशी दिवस एकच, अशा वेळी निवड दोन जागांत असते. क्योतोजवळ यावाता इथे त्यांनी स्वतः उभारलेलं हिको जिंजा, म्हणजे उड्डाणाचं मंदिर. आणि शिकोकू बेटावर कागावा प्रांतातल्या मान्नोमधलं त्यांच्या नावाचं संग्रहालय. (जन्मगाव यावाताहामा हे एहिमे प्रांतात, पार पश्चिमेला. तिकीट काढताना गल्लत होऊ देऊ नका.)

मान्नोत कल्पना जन्मली. लष्करी सरावाहून परतताना, नोव्हेंबर १८८९ मध्ये, इथल्या मोमिनोकी खिंडीत त्यांनी कावळे पाहिले. पंख न हलवता, नुसते तिरपे ताणून ते तरंगत होते. लहानपणी पतंग करून विकणाऱ्या या माणसाला हवेचा दाब हाताला ठाऊक होता. २९ एप्रिल १८९१ रोजी मारुगामेच्या कवायतीच्या मैदानावर त्यांचं कावळ्याच्या घडणीचं छोटं विमान रबराच्या पिळावर उडालं. शेपटीकडे चार पात्यांचा पंखा, खाली चाकं. पुढे १८९३ मध्ये त्यांनी माणूस बसेल अशा दुपंखी विमानाची रचना केली, नाव तामामुशी. संग्रहालयात या यंत्रांच्या प्रतिकृती आहेत. विद्यार्थी बरोबर असतील, मॉडेल करणारे हात असतील, तर दुसरा विचार करू नका. मात्र गाडी हवी. कोतोहिराचं प्रसिद्ध कोंपिरा देवस्थान जवळच असल्याने अख्खा दिवस सत्कारणी लागतो.

इथे एक स्पष्ट सांगायला हवं. रबरावर उडणारं छोटं विमान फ्रान्समध्ये आल्फोन्स पेनो या संशोधकाने १८७१ मध्येच उडवलं होतं. ‘राइट बंधूंच्या आधी जपान’ या जयघोषाने निनोमियांचं मोठेपण वाढत नाही. त्यांना इंजिन हवं होतं, आणि पैसा. चीन-जपान युद्धाच्या वेळी सैन्याकडे दिलेला प्रस्ताव नागाओका गाइशी या लष्करी अधिकाऱ्याने नाकारला. मग निनोमियांनी सैन्य सोडलं, औषध व्यवसायात शिरले, कमाई जमवून यावातात काम सुरू केलं. तेवढ्यात राइट बंधू उडाल्याची बातमी आली आणि त्यांनी विमान सोडून दिलं.

यावाता महत्त्वाचं ठरतं ते इथून पुढच्या आयुष्यामुळे. उड्डाणात माणसं मरू लागली तेव्हा, १९१५ मध्ये, निनोमियांनी त्यांच्यासाठी आपल्याच आवारात मंदिर बांधलं. मधल्या गाभाऱ्यात आकाशातून उतरलेला देव निगिहायाही, एका बाजूला विमान अपघातांतले मृत, दुसऱ्या बाजूला औषधविद्येचे पूर्वज. तोरी म्हणजे प्रवेशाची कमान ड्युरालुमिन या विमानाच्या मिश्रधातूची, आवारात जुनं विमान-इंजिन. नागाओकांनी पुढे आपली चूक मान्य करून निनोमियांची पत्राने माफी मागितली. ओसाका-क्योतो केइहान रेल्वेवरच्या स्टेशनापासून मंदिर पायी गाठता येतं आणि अर्ध्या दिवसात पाहून होतं. उरलेल्या वेळात समोरच्या टेकडीवरचं इवाशिमिझु हाचिमानगू हे मंदिर पाहा. एडिसनच्या दिव्याच्या तारेला याच परिसरातला बांबू लागला होता.

माझा कौल यावाताला. यंत्राच्या प्रतिकृती चित्रांतूनही बऱ्यापैकी कळतात. स्वतःचं स्वप्न दुसऱ्यांनी पुरं केल्यावर त्यात मेलेल्यांसाठी गाभारा बांधणारा माणूस मात्र तिथे गेल्याशिवाय कळत नाही. जमलं तर २९ एप्रिलला जा. पहिल्या उड्डाणाच्या त्याच तारखेला मंदिराचा वार्षिक उत्सव असतो.