उज्जैनची वेधशाळा : महाकालला जाताय तर दुपार इथं राखून ठेवा

नाताळच्या सुट्टीत साताऱ्याहून टूरच्या बसनं उज्जैन-ओंकारेश्वर केलं, मी, आई, आप्पा आणि माझा सहावीतला पोरगा. टूरच्या यादीत महाकाल, कालभैरव, हरसिद्धी आणि संध्याकाळी रामघाट एवढंच होतं, वेधशाळेचं विचारलं तर टूरवाला म्हणाला तिथं काय नाय ओ ताई, नुसते ओटे बांधलेत. ऐकून वाईट वाटलं. मग २५ तारखेला सकाळी दर्शन झाल्यावर आम्ही चौघं रिक्षा करून आपापलेच गेलो आणि अडीच तास तिथनं हललो नाही. पाचपैकी पाच देतेय.

आमचे आप्पा चाळीस वर्षं गवंडीकाम करत होते, त्यामुळे त्यांनी बोर्ड वाचायच्या आधी भिंतीला हात लावला. सम्राट यंत्र म्हणून जे मोठं बांधकाम आहे ना, ते म्हणजे मधे जिन्यासारखी तिरकी चढत गेलेली भिंत आणि तिच्या दोन्ही अंगाला कमानीसारखे गोल वळलेले दोन भाग, त्यावर तास-मिनिटांच्या खुणा. त्या तिरक्या भिंतीचा माथा बरोबर ध्रुवताऱ्याकडं रोखलेला आहे, म्हणजे चढ किती तर उज्जैनचे जेवढे अक्षांश तेवढा, २३ अंश ११ कला (एका अंशात साठ कला). आप्पांना हे सांगितलं तर ते थोडा वेळ गप्पच बसले, मग म्हणाले, "म्हणजे साताऱ्यात बांधायचं तर चढ कमी घ्यायला लागंल की गं." अगदी बरोबर, आपल्याकडं तो साडेसतराच्या थोडा वर येईल, आणि इथलं यंत्र जसंच्या तसं उचलून साताऱ्यात ठेवलं तर वेळ चुकीची दाखवेल. हे मला शाळेत कुणी असं सांगितलं नव्हतं.

आता सावलीचं. आम्ही पोचलो तेव्हा भिंतीची सावली पश्चिमेकडच्या कमानीवर होती आणि पोरानं वाचली तर ११ वाजून १० मिनिटं, मोबाईलमध्ये ११:३७. तो म्हणाला हे बिघडलंय. बिघडलेलं काही नाही! आपलं घड्याळ चालतं ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर, उज्जैन त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंश, एका अंशाला ४ मिनिटं, झाली २७ मिनिटं. ती मिळवली की मोबाईलची वेळ आली, मिनिटाला मिनिट. पण एक लक्षात ठेवा, हा नुसता २७ चा हिशोब २५ डिसेंबरच्या आसपास जमतो, इतर दिवशी सूर्य स्वतःच पुढंमागं असतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढं आणि फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागं, ते पण धरायला लागतंय. आणि सावलीची कड धुरकट दिसते, सूर्य म्हणजे ठिपका नाही, चांगली अर्ध्या अंशाची तबकडी आहे, त्यामुळे गडद सावली आणि उजेड यांच्या मधे साधारण दोन मिनिटांचा फिकट पट्टा पडतो, त्याचा मध्य धरायचा.

नाडीवलय यंत्र म्हणजे उत्तर आणि दक्षिण अशा दोन तोंडांच्या गोल तबकड्या, प्रत्येकीच्या मधे खिळा, त्याच्या सावलीवरनं वेळ बघायची. तिकडं पोरगा पळत गेला आणि उत्तरेच्या तोंडावर बघतो तर सावलीच नाही, हिरमुसला. मग दक्षिणेच्या बाजूला नेलं, तिथं खिळ्याची सावली छान पडलेली. सूर्य सहा महिने उत्तरेला असतो तेव्हा उत्तरेचं तोंड चालतं आणि सहा महिने दक्षिणेचं, आम्ही डिसेंबरात गेलो म्हणून दक्षिणेचं. सूर्य कधी उत्तरेला कधी दक्षिणेला असतो हे आपण नुसतं बोलतो, त्या पोराला ते दोन मिनिटांत दिसलं.

बरोबर १२:२७ ला आम्ही सम्राट यंत्रापाशी परत आलो. सावली पश्चिमेच्या कमानीवरनं सरकत सरकत भिंतीला चिकटली, एक क्षण दोन्हीकडं काहीच नाही, आणि मग पूर्वेच्या कमानीवर बारीकशी काळी रेघ उमटली. आई हात जोडून उभी होती. सकाळी गाभाऱ्यासमोर गर्दीत तिला दोन सेकंद मिळाले होते, इथं कोणी पुढं चला म्हणालं नाही.

बाकी दिगंश यंत्र (सूर्य-तारे कुठल्या दिशेला आहेत ते मोजायचं) आणि भित्ति यंत्र (माथ्यावर आल्यावर ते किती उंच आहेत ते मोजायची भिंत) आहे. शंकू यंत्र नंतरचं, १९३७ साली गोविंद सदाशिव आपटे इथले अधीक्षक असताना झालेलं, गोल ओट्याच्या मधोमध शंकू म्हणजे उभी काठी आणि खाली सात रेघा, सावलीचं टोक कुठल्या रेघेवर आहे त्यावरून वर्षातला काळ कळतो. आम्हाला ते सगळ्यात लांबच्या रेघेजवळ दिसलं. जूनमध्ये, २१ तारखेच्या आसपास दुपारी ही सावली जवळजवळ नाहीशी होते कारण कर्कवृत्त इथनं अगदी जवळ आहे.

जयपूरचे राजे सवाई जयसिंग यांनी अशा पाच वेधशाळा केल्या, दिल्ली, जयपूर, मथुरा, वाराणसी आणि ही. पितळेची यंत्रं लहान पडतात, झिजतात, हलतात म्हणून त्यांनी दगड-चुन्यात मोठी बांधली. आणि उज्जैनच का, तर आपल्या जुन्या ज्योतिषात शून्य रेखांश उज्जैनवरनंच मोजायचे. पुढं पडझड झाली, १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. शिंद्यांचं मूळ गाव आपल्या कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड, आईचं माहेर तिथनं जवळच, तिला हे कळल्यावर तिनं परत एकदा सगळ्या ओट्यांभोवती फेरी मारली.

आप्पांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. तीनशे वर्षांपूर्वी ही गोलाई कोणत्या गवंड्यानं घेतली असंल, पाणसळ कशानं धरली असंल, त्याचं नाव कुठं लिहिलंय का? आम्ही सगळे बोर्ड वाचले, राजाचं नाव आहे, गवंड्याचं आम्हाला सापडलं नाही. "एवढं काम माझ्या हातनं झालं असतं तर" एवढंच म्हणाले आणि गप्प झाले.

घरी आल्यावर ३१ तारखेला त्यांनी गच्चीवर ओळंबा लावून सळई उभी केली, सावली सगळ्यात आखूड झाली तेव्हा १२:३७ झाले होते, साताऱ्याचे रेखांश आणि त्या दिवशीचं सूर्याचं पुढंमागं धरलं की हिशोबानंही तेवढेच येतात. खडूच्या खुणा अजून आहेत.

जाणाऱ्यांनी एवढं करा. तिकीट किरकोळ आहे. ढगाळ दिवस असेल तर जाऊ नका, उन्हाशिवाय इथं काही कळणार नाही. टोपी, पाण्याची बाटली घ्या, आणि साडेअकराच्या आत पोचा म्हणजे सावली पश्चिमेकडनं पूर्वेकडं जाताना बघायला मिळेल.