दहा दिवसांचा मोडी वर्ग: संशोधक विद्यार्थ्याच्या पदरात काय पडतं?

इतिहासात एम.ए. करून पीएच.डी.च्या दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्याच्या बायोडेटात 'मोडी लिपी प्रमाणपत्र' ही ओळ आता जवळपास ठरलेली असते. मोडी म्हणजे जुने मराठी कागद ज्या जोडून लिहायच्या लिपीत आहेत ती. ते प्रमाणपत्र बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांच्या वर्गाचं असतं. असे वर्ग शासनाचा पुराभिलेख विभाग भरवतो, विद्यापीठांतले इतिहास विभाग भरवतात, जुनी संशोधन मंडळं भरवतात आणि खासगी शिक्षक ऑनलाइनही घेतात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणासाठी जुन्या कागदांतल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला, तेव्हापासून तर वर्गांना तोटाच नाही. इथे परीक्षण कुणा एका वर्गाचं नाही, या साच्याचं आहे, आणि तेही एकाच ग्राहकाच्या नजरेतून: ज्याला पुढची चार-पाच वर्षं मूळ कागदांवर काढायची आहेत त्याच्या.

आधी निकाल सांगून टाकतो. अक्षरओळखीसाठी हा वर्ग चोख आहे, फी वसूल होते. पण दप्तरातला, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या साठ्यातला, कागद वाचून प्रबंधात वापरायचा तर कालगणना, संक्षेप आणि हिशेबाच्या खुणा यांवाचून पाऊल पुढे पडत नाही, आणि नेमकं तेच बहुतेक वर्गांत शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकलेलं असतं.

वर्गाचा साचा सगळीकडे सारखाच. पहिले दोन-तीन दिवस स्वर, व्यंजनं आणि गिरवणं, मग बाराखडी, मग जोडाक्षरं. सहाव्या-सातव्या दिवसापासून छापील मोडी उतारे, शेवटी एक-दोन जुन्या पत्रांच्या झेरॉक्स प्रती आणि लेखी परीक्षा. रोजचे दोन तास धरले तर वीस तास होतात. बाळबोध, म्हणजे देवनागरी, येणाऱ्या माणसाला तेवढ्यात अक्षरं ओळखता येतात, यात खोट काही नाही.

हा पहिला भाग बहुतेक शिक्षक मनापासून आणि नीट शिकवतात. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली, हात शक्यतो न उचलता, एकमेकांना जोडत लिहितात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. इकार एकच, उकार एकच. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते, विरामचिन्हं नसतात, अनुस्वार तर लेखकाच्या मर्जीवर. शेजारी कोणतं अक्षर आहे त्यावर 'र' रूप बदलतो, म्हणून नवशिका जिथे अडतो तिथे दहातल्या निम्म्या वेळा 'र' असतो. चांगला शिक्षक 'र'साठी स्वतंत्र तास देतो. वर्ग निवडताना ही एक खूण पुरेशी आहे.

गिरवण्यावर मात्र नको इतका वेळ जातो. हाताने लिहिल्याने अक्षराचं वळण डोक्यात बसतं हे खरं, पण ते पहिल्या दोन-तीन दिवसांपुरतं. संशोधकाला मोडी लिहायची नसते, वाचायची असते. सुबक मोडीत आपलं नाव लिहून स्टेटसला टाकणारे आणि पेशवेकालीन हुकुमाच्या तिसऱ्या ओळीत गारठणारे, हे बहुतेकदा एकच विद्यार्थी असतात.

कारण साधं आहे. वर्गात वाचायला दिलेलं मोडी बहुधा शाळेच्या जुन्या शिळाछाप पुस्तकातलं असतं किंवा शिक्षकांनी स्वतः फळ्यावर काढलेलं. ते सरळ, एकसारखं, मोकळं. दप्तरातला कागद तसा नसतो. बोरूने लिहिलेल्या पेशवेकालीन कागदात जाड-बारीक वळणं स्पष्ट असतात. कारकून कसलेला असेल तर तो कागद शिवकालीन कागदापेक्षा पुष्कळ सोपा जातो. इंग्रजी अमदानीतल्या टाकाने (धातूच्या निबाच्या लेखणीने) घाईत लिहिलेल्या महसुली नोंदी काळाने जवळच्या असूनही किरट्या आणि कंटाळवाण्या. एका वळणाची सवय झाली म्हणून दुसरं वळण वाचता येईलच असं नाही. म्हणून प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: मूळ कागदांच्या किती प्रती वाचून घेणार, आणि त्या कोणत्या काळातल्या? वेगवेगळ्या हातांचे किमान १५-२० कागद नसतील तर तो वर्ग छंद म्हणून ठीक, संशोधनाची तयारी म्हणून नाही.

आता कालगणना. इथे होणारी चूक प्रबंधात जाऊन बसते आणि तोंडी परीक्षेत वर येते. समजा पत्राच्या तळाशी असं आहे: 'छ ७ जमादिलाखर सु॥ इहिदे सितैन मया व अलफ'. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. जमादिलाखर हा त्यातला सहावा महिना. 'सु॥' म्हणजे सुहूर सन, मराठी कागदांतली एक कालगणना, आणि तो अरबी अंकशब्दांत एकं स्थानापासून चढत जातो: इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११६१. वर्गाच्या टिपणात सूत्र दिलेलं असतं, 'सुहूर अधिक ५९९ म्हणजे इसवी'. त्या हिशेबाने १७६० येतं आणि विद्यार्थी खुशीत पुढे जातो. पण सुहूर वर्ष बदलतं सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे अठराव्या शतकात जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि १ जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. त्या साली जमादिलाखर जानेवारीत पडतो. तेव्हा साल १७६१, आणि आठवडा पानिपतच्या लढाईचा. नुसतं ५९९ लावणाऱ्याने पानिपत एक वर्ष आधीच उरकलेलं असतं!

हिजरी महिना इंग्रजी कोणत्या महिन्यात पडतो हे दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी सरकतं, म्हणून ते अंदाजाने ठरवू नये, जंत्री (वेगवेगळ्या गणनांच्या तारखा जुळवून दिलेलं कोष्टक) उघडावी. जंत्री कशी पाहायची हे शिकवणारा वर्ग विरळा. अंकशब्दांच्या जोड्याही घोकून घ्याव्या लागतात: सीत ६ पण सितैन ६०, सबा ७ पण सबैन ७०, समान ८ पण समानीन ८०, तिसा ९ पण तिसैन ९०. शेवटचं अक्षर पुसट असलं की ६ आणि ६० यांतला फरक जातो, आणि तेव्हा पत्रातल्या माणसांवरून आणि घटनांवरून साल ताडावं लागतं.

बाकीच्या गणनांचं तंत्र तेच. महसुली कागदांतल्या फसली सनात ५९० मिळवायचे, जानेवारी ते मृग ५९१. शालिवाहन शकात ७८, पण पौषाचे उत्तरार्धातले दिवस, माघ आणि फाल्गुन पुढच्या इसवी सालात जातात, तिथे ७९. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेक शकाची सुरुवात ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. आणि मराठी कागद ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रजी पत्रांशी ताडून पाहायचा असेल तर सप्टेंबर १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखा जुन्या (ज्युलियन) पद्धतीच्या असतात हे लक्षात ठेवायचं: सतराव्या शतकात १० दिवसांचा फरक, अठराव्यात ११. हे सगळं दोन तासांत शिकवता येतं. तरी त्याला अभ्यासक्रमात नीट जागा का नसते, हे कोडंच आहे.

संक्षेपांचं प्रकरण तसंच दुर्लक्षित. कागदात 'मौ।' दिसलं की मौजे, म्हणजे गाव, हे सगळे सांगतात. पण 'ता।' तर्फ असेल की तालुका, 'पा।' परगणा असेल की पाठविले, हे आसपासच्या शब्दांवरून ठरतं. संक्षेपांची यादी पाठ करून भागत नाही. 'मा।' कधी कधी मशारनिल्हे, म्हणजे वर उल्लेख आलेला माणूस. तो वरचा माणूस कोणता हे चुकलं तर वतन भलत्याच्या नावावर चढतं.

हिशेबाच्या कागदांची भीती विद्यार्थ्यांत जास्त, आणि आर्थिक इतिहासाकडे वळणारे म्हणूनच कमी. भीती खुणांची असते. रुपयाच्या आकड्यापुढची एक उभी रेघ ४ आणे, दोन उभ्या ८, तीन उभ्या १२. आडवी रेघ प्रत्येकी १ आणा. म्हणजे '५।=' हे ५ रुपये ६ आणे. धान्याच्या मापात ४ शेरांची पायली, १२ पायलींचा मण, २० मणांची खंडी. वजनाचा मण मात्र ४० शेरांचा. जमिनीत २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा, १२० बिघ्यांचा चाहूर. मापं प्रांताप्रांतांत बदलत, त्यामुळे आपल्या परगण्याचं माप कागदातूनच काढावं लागतं: तपशिलाच्या रकमा मिळवायच्या आणि खालच्या बेरजेशी जुळतात का पाहायचं. बेरीज जुळली तर वाचन बरोबर. हिशेबी कागद आपली उत्तरपत्रिका सोबत घेऊन येतो, ही सोय पत्रांत नसते. वर्गात एखादा ताळेबंद घेऊन हे करून दाखवलं तर मुलांची भीती एका बैठकीत जाईल.

लिपी आली तरी भाषा राहते, हेही वर्गाच्या जाहिरातीत कुणी सांगत नाही. कौल, इस्तावा, कमाविसदार, तैनात, महजर, निवाडपत्र हे शब्द अक्षर न् अक्षर वाचता आले तरी अर्थ लागत नाही. पत्राचा मायना (सुरुवातीचा ठरावीक मजकूर) आणि शेवट ठरलेले असतात. 'विनंती उपरी येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहित जाणे' हे एकदा पाठ झालं की प्रत्येक पत्रातल्या तेवढ्या ओळी फुकट वाचून होतात. शिवाय तोच लेखक 'क', 'र', 'ज' कसा काढतो याचा नमुना त्या ओळींतून मिळतो, आणि तो घेऊन मधला अनोळखी मजकूर फोडता येतो. जाणते वाचक कागद वरून खाली वाचत नाहीत. आधी मायना, मग तळाची 'जाणिजे', 'लेखनसीमा' आणि तारीख, शेवटी मधलं.

ऑनलाइन की प्रत्यक्ष? अक्षरओळख ऑनलाइन छान होते. लिपी २०१४ पासून युनिकोडात आहे, मोफत फॉन्ट मिळतात, सरावाचे तक्ते घरी छापता येतात. पण फॉन्टातली मोडी म्हणजे सुटी, स्वच्छ अक्षरं. तिच्यावर सराव केलेला डोळा हस्तलिखितात फारसा कामाचा नाही. व्हॉट्सअपवर आलेली कागदाची प्रतिमाही टाळावी, दाबलेल्या चित्रात बारीक रेघ आधी जाते. किमान ३०० डीपीआयची फाइल मागून घ्यावी. प्रत्यक्ष वर्गाचा खरा फायदा एकच: शेजारी बसून दोघांनी एक कागद फोडणं. ते नसेल तर प्रवासखर्च वाया.

प्रमाणपत्र हातात पडल्यावर लगेच कागदांना भिडावं, महिनाभर खंड पडला तर निम्मं विसरतं. सरावाला उत्तम साधन म्हणजे बाळबोधीत छापून आलेले कागद. इतिहासकार गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ भागांत निघाले. ज्या कागदाची मूळ प्रत पाहायला मिळेल तो आधी स्वतः उतरवायचा, मग छापील पाठाशी ताडायचा. उतरवताना मूळच्या ओळी तशाच तोडायच्या. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब ठेवायचं, अंदाजाने शब्द भरायचा नाही. संक्षेप फोडला तर चौकटी कंसात. प्रत्येक पानाच्या माथ्यावर दप्तराचं नाव, रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) आणि पुडक्याचा क्रमांक त्याच वेळी लिहायचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात हजारो रुमाल आहेत. क्रमांक न टिपलेला कागद पुन्हा सापडेल ही आशा सोडावी.

बायोडेटातली ती ओळही थोडी बदलावी. 'मोडी येते' यातून मार्गदर्शकाला काहीच कळत नाही. 'पेशवेकालीन मोडी, ४० पत्रे आणि ३ ताळेबंद यांचे लिप्यंतर' अशी ओळ असेल तर पुढचे प्रश्न नेमके येतात. ज्यांना मराठेशाहीच्या दक्षिणेकडे जायचं आहे, तंजावरच्या मोडी कागदांवर काम करायचं आहे, त्यांनी आपला वर्ग तिकडचा एकही नमुना दाखवत नाही हे गृहीत धरून चालावं आणि वेगळी तयारी ठेवावी.

वर्गाला गुण द्यायचे तर अक्षरओळखीला दहापैकी आठ, कागदवाचनाला चार, कालगणनेला दोन. दुसऱ्या टप्प्याचा, नुसत्या कागदांचा वर्ग कुणी भरवत असेल तर पहिल्याच्या दुप्पट फी देऊनही जावं, मात्र गटात बारा-पंधराहून जास्त माणसं नसावीत. त्यापुढे गट वाढला की मोठ्याने वाचायची पाळी प्रत्येकावर येत नाही, आणि चुका ऐकू येतात त्या मोठ्याने वाचतानाच.