बँकॉकच्या चायनाटाउनमधली देवळं: सोन्याचा बुद्ध, लेंग नोई यी की गल्लीतली ठाणी?

बँकॉकच्या सहलीत चायनाटाउन म्हणजे याओवरात रस्त्यावरची संध्याकाळ, चमचमत्या पाट्या आणि हातगाड्यांवरचं खाणं, एवढंच बहुतेकांच्या वाट्याला येतं. तोवर देवळं बंद व्हायला लागलेली असतात. म्हणजे देवळांसाठी सकाळ वेगळी काढायला हवी, आणि ग्रँड पॅलेस, वाट फो (थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ) उरकून पाय आधीच बोलत असतात. अशा वेळी या भागातलं एकच देऊळ जमणार असेल तर कोणतं?

माझं मत आधीच सांगून टाकते: लेंग नोई यी. मात्र त्रिशरण-पंचशील रोज म्हणणाऱ्यांना, दम्याचा त्रास असणाऱ्यांना आणि ज्यांना नेमकी एक अजोड मूर्ती पाहायची आहे त्यांना मी सोन्याच्या बुद्धाच्या देवळात, वाट त्राइमितला पाठवीन. का, ते खाली.

वाट त्राइमित चायनाटाउनच्या पूर्व टोकाला आहे, हुआ लम्फोंग मेट्रो स्टेशनवरून चालत पाच-दहा मिनिटांवर. इथे लोक येतात ते सोन्याच्या बुद्धासाठी. मूर्ती साधारण ३ मीटर उंच, वजन सुमारे ५.५ टन, घडण सुखोथाई या जुन्या थाई राज्याच्या शैलीची, म्हणजे १३व्या-१४व्या शतकातली मानली जाते. कधीतरी, बहुधा शत्रूच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून, तिच्यावर गिलावा चढवून रंगीत काचा बसवल्या गेल्या. पुढे आत काय आहे याचा खुद्द राखणाऱ्यांनाच विसर पडला. १९३५ च्या सुमारास ती एका ओस पडलेल्या विहारातून इथे आणली आणि जागा नाही म्हणून वीसेक वर्षं पत्र्याच्या छपराखाली ठेवली. मे १९५५ मध्ये नव्या वास्तूत हलवताना दोर तुटला, मूर्ती आदळली, गिलाव्याचा टवका उडाला आणि आतून सोनं दिसलं. गिलावा पूर्ण काढल्यावर कळलं की मूर्ती नऊ भागांची आहे आणि ते सुटे करायची किल्लीही तळाशी ठेवलेली आहे. त्या गिलाव्याचे तुकडे तिथल्या प्रदर्शनात मांडले आहेत. सोन्याइतकंच ते तुकडेही नीट पाहा, नाहीतर ही गोष्ट नुसती ऐकीव राहते.

आता मूर्ती ज्या पांढऱ्या संगमरवरी इमारतीत आहे ती अलीकडची, मूर्ती सर्वांत वरच्या मजल्यावर. बुद्ध भूमिस्पर्श मुद्रेत बसलेले आहेत. उजव्या गुडघ्यावरून खाली आलेली लांबसडक बोटं आणि डोक्यावरची ज्योतीसारखी शिखा, या दोन जागी सुखोथाईच्या कारागिरांचा हात ओळखू येतो. दालन मोठं नाही. टूरच्या बस लागल्या की फोटोसाठी रेटारेटी होते, मागचा पुढच्याच्या खांद्यावरून मोबाइल धरतो आणि बसून पाहायचं म्हटलं तर जागा शोधावी लागते. दार उघडताच पोहोचलात तर चित्र वेगळं असतं.

खालच्या मजल्यावर चायनाटाउनच्या इतिहासाचं संग्रहालय आहे, त्याकडे बरेच जण पाठ फिरवतात. मला ते मूर्तीइतकंच मोलाचं वाटतं. १७८२ मध्ये राजवाड्यासाठी जागा हवी म्हणून तिथल्या चिनी वस्तीला साम्पेंग भागात हलवलं गेलं आणि त्यातून हे चायनाटाउन उभं राहिलं. व्यापारी, हमाल, गलबतं, पेढ्या हे सगळं तिथे मांडलेलं आहे. ते पाहून बाहेर पडलात की पुढच्या गल्ल्या जरा कळायला लागतात. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

लेंग नोई यी, थाई नाव वाट मांगकोन कमलावात, चारोएन क्रुंग रस्त्यावर आहे. हुआ लम्फोंगच्या लगतचं पुढचं स्टेशन वाट मांगकोन, २०१९ पासून सुरू झालेलं. त्याआधी इथे यायचं म्हणजे टॅक्सीवाल्याशी घासाघीस आली. देऊळ १८७१ चं, महायान पंथाचं. प्रवेश मोफत. फाटकातून आत आलात की उदबत्त्या, फुलं आणि तेलाचे विक्रेते, आणि मग पहिल्याच दालनात दोन्ही बाजूंना रंगवलेले, चिलखत घातलेले चार धिप्पाड लोकपाल. चिनी योद्ध्यांसारखे दिसत असले तरी मंडळी आपल्याकडचीच आहेत: धृतराष्ट्र, विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण. ज्याच्या हातात वीणेसारखं तंतुवाद्य दिसेल तो धृतराष्ट्र. महाभारतातला नव्हे, पूर्व दिशेचा राखणदार.

मुख्य दालनात शाक्यमुनी, अमिताभ आणि भैषज्यगुरू असे तीन सोनेरी बुद्ध आणि बाजूंना अठरा अर्हत, म्हणजे निर्वाण गाठलेले शिष्य. इथवर बौद्ध देऊळ. बाजूच्या दालनांत वळलात की संपत्तीचा देव आहे, वैद्यांचा देव हुआ तुओ आहे, आणि सगळ्यात जास्त गर्दी जिथे असते तो वर्षाचा अधिपती तैसुई. चिनी बारा राशींपैकी ज्यांचं त्या वर्षाशी वैर पडतं त्यांनी इथे येऊन ते शमवून घ्यायचं. आपल्याकडे साडेसातीची शांत करतात ना, तसंच. कागदावर नाव आणि जन्मतारीख लिहायची, तो कागद डोक्यापासून खाली अंगावरून उतरवायचा आणि देवापुढे ठेवायचा. ऑफिसच्या गणवेशातल्या मुली, पिशवीत संत्री घेतलेल्या आज्या, सगळे एकाच टेबलावर मान खाली घालून लिहीत असतात. तथागतांच्या देवळात हे कसं चालतं, असा प्रश्न आपल्यातल्या काही जणांना पडेल. तिथल्या कोणालाही पडत नाही, आणि मला या जागेची गंमत नेमकी त्यातच वाटते. त्राइमितमध्ये तुम्ही पाहुणे असता आणि आजूबाजूलाही पाहुणेच असतात. इथे लोक आपापल्या कामाला आलेले असतात, तुमच्याकडे कोणाचं लक्ष नसतं.

त्रास काय? धूर. गर्दीच्या दिवशी डोळे झोंबतात. चिनी नववर्षाच्या आसपास तर आत शिरणंही मुश्कील. मूर्तींचे फोटो काढायचे असतील तर आधी फलक पाहा, आणि प्रार्थना करणाऱ्यांच्या तोंडावर कॅमेरा धरू नका. उंबरे उंच असतात. ते ओलांडायचे, त्यावर पाय द्यायचा नाही.

त्रिशरण म्हणणाऱ्यांना मी वेगळं का काढलं? थायलंडचा मुख्य प्रवाह थेरवादी, म्हणजे महायानाहून वेगळ्या, पाली ग्रंथ मानणाऱ्या बौद्ध परंपरेचा आहे आणि तिथलं पठण पाली भाषेत चालतं. नागपूरच्या किंवा नायगावच्या विहारात ‘नमो तस्स भगवतो’ म्हणत मोठा झालेला माणूस त्राइमितच्या आवारात भिक्खूंचं पठण ऐकेल तर उच्चार जरा वळलेले असले तरी शब्द ओळखेल, मनातल्या मनात सोबतही म्हणेल. लेंग नोई यी मध्ये पठण चिनी वळणाचं, ते कानावरून जातं. तिथले भिक्खूही चिवराऐवजी विजार आणि अंगरखा घालतात. वंदनेसाठी जाणाऱ्याला त्राइमित जवळचं वाटेल.

राहिली गल्लीतली ठाणी. त्यांना मोठ्या देवळांशी तोलणं बरोबर नाही, पण वेळ थोडा असेल तर कधीकधी तीच जास्त देतात. त्राइमितहून निघून ओडियन सर्कलच्या चिनी कमानीपासून याओवरात रस्त्याला लागलात की थियन फा हा जुना धर्मादाय दवाखाना येतो, १९०५ मध्ये सुरू झालेला. त्याच्या अंगणातच ग्वानयिनचं देऊळ आहे. ग्वानयिन म्हणजे अवलोकितेश्वर, चीनमध्ये गेल्यावर स्त्रीरूपात पुजला गेलेला. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी ज्यांनी पाहिला आहे, कान्हेरीचा अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर पाहिला आहे, त्यांनी इथे थांबावंच. तोच बोधिसत्त्व इथे आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या रोजच्या जाण्यायेण्यात उभा आहे. दहा मिनिटं पुरतात.

दुसरं ठाणं लेंग बुआय इया. लेंग नोई यी समोरच्या इसरानुफाप गल्लीच्या बाजारात शिरायचं: सुके मश्रूम, सुकी मासळी, टांगलेली बदकं, मधूनच अंगावर येणारी मालाची ढकलगाडी. तिथून आत हे तेओचिउ लोकांचं, म्हणजे दक्षिण चीनमधून आलेल्या समाजाचं छोटं देऊळ. आतल्या एका पाटीवर १६५८ सालचा उल्लेख आहे, आणि त्यावरून हे थायलंडमधलं सर्वांत जुनं चिनी देऊळ असल्याचं सांगतात. बँकॉक राजधानी झालं १७८२ मध्ये, तेव्हा पाटीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. मासळीचा वास ज्यांना अजिबात चालत नाही त्यांनी हा बाजार टाळलेला बरा.

लहान मुलं बरोबर असतील आणि देवळांना कंटाळली असतील तर पश्चिमेकडच्या वाट चक्रवातमध्ये मगरींचं कुंड आहे. देऊळ म्हणून मी मुद्दाम तिकडे जाणार नाही.

दोन मोठ्या देवळांमधलं अंतर किलोमीटरभरच आहे. त्यामुळे सकाळ मोकळी असेल तर निवड करायचं कारणच नाही: आठच्या सुमारास त्राइमित, वाटेत थियन फा, दहा-साडेदहाला लेंग नोई यी, मग बाजार. बरोबर सत्तरीतले आईबाबा असतील तर एकच करा. तेव्हा पायऱ्या चढायच्या की धूर सोसायचा, हे त्यांनाच विचारा. त्राइमितसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे लागतात, सोन्याच्या बुद्धाचं तिकीटही आहे. आणि रस्त्यात एखादा गोडबोल्या टुकटुकवाला ‘आज देऊळ बंद आहे, दुसरीकडे नेतो’ म्हणाला तर सरळ पुढे चालू लागा, ती बँकॉकची जुनी फसवणूक आहे.

शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात चांगला काळ ऑक्टोबरच्या आसपासचा. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस ‘जे’ म्हणजे शुद्ध शाकाहाराचा उत्सव असतो आणि याओवरातभर पिवळे झेंडे लागतात. त्या झेंड्याखालच्या खाण्यात मांस, मासळी, अंडं, दूध नसतंच, कांदा-लसूणही नसतो. एरवी पोटाची सोय म्हणून साम्पेंगच्या पश्चिम टोकाला फाहुरात ही भारतीय वस्ती आणि तिथला गुरुद्वारा आहे. सकाळच्या वेळी लंगर मिळतो.