गोबर गॅसची तयार टाकी: टाकी घ्या, पावडर घेऊ नका

येळ्ळूरला आमच्या परड्यात 2 घनमीटरची तयार टाकी बसवून दीड वर्ष झालं, म्हणून लिहितोय. टाकीला चार स्टार, दुकानदाराला दोन.

टाकीबरोबर त्यानं 600 रुपयांचा बॅक्टेरिया पावडरचा पुडा गळ्यात मारला, "हे घातल्याशिवाय गॅस धरत नाही मामा" म्हणून. कायबी! मिथेन, म्हणजे यातला पेटणारा गॅस, करणारे मुळात बॅक्टेरियाच नव्हेत, ते आर्किया नावाचे वेगळे सूक्ष्मजीव. 1977 मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी ही जातच वेगळी असल्याचं दाखवलं, तोवर सगळे त्यांना बॅक्टेरियातच मोजायचे. आणि ते म्हशीच्या पोटातच असतात की हो, शेणाबरोबर फुकट येतात. भात लावताना चिखलात पाय रुतला की बुडबुडे येतात बघा, तोबी यांचाच गॅस. पुडा अजून तसाच पडलाय.

रोज 50 किलो शेण नि तेवढंच पाणी, चार जनावरांत भागतं. पहिला गॅस पेटला नाही तर घाबरू नका, त्यात कार्बन डायऑक्साइडच जास्त असतो, सोडून द्यायचा. आमच्याकडं तिसऱ्या आठवड्यात निळी ज्योत आली.

घोळ झाला तो आमच्याच चुकीनं. बारशाला उरलेला दोन बादल्या भात आईनं "वाया कशाला" म्हणून एकदम आत ओतला, मीबी काय बोललो नाही. दोन दिवसांत गॅस साठणारा ड्रम टम्म वर, पण काडी लावली की विझते, आणि स्लरीला (आतल्या शेणकाल्याला) आंबूस वास. भातावर ॲसिड करणारे बॅक्टेरिया झपाझप वाढले, आर्किया आधीच मंद, त्यात त्यांना आंबटपणा सोसत नाही, मग मिथेन कोण करणार? दहा दिवस काही घातलं नाही, नंतर रोज एकेक घमेलं ताजं शेण, तेव्हा कुठं शेगडी परत पेटली. दुकानदाराला फोन केला तर म्हणतो, अजून एक पुडा घाला!

एक स्टार कापला तो शेगडीचा, वर्षात वाल काळा पडून घट्ट झाला, गॅसमधल्या हायड्रोजन सल्फाइडनं. डिसेंबर-जानेवारीत गॅस निम्म्यावर येतो, कारण या आर्कियांना 35 अंशाच्या आसपासची ऊब लागते, तेव्हा सिलिंडर ठेवाच. आणि गोठा फिनेलनं धुतलात तर ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका.