रोजनिशी, वात्रटिका की कथा? राजकारणानं झोप उडालेल्यांसाठी

आमच्या मामांनी २०१९ च्या नोव्हेंबरात घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. तारीख पक्की आठवते, २३. सकाळी टीव्ही लावला तर राजभवनावरचा शपथविधी उरकूनही गेला होता. दुपारपर्यंत ग्रुपवर जुंपली आणि त्यात तेल ओतणाऱ्यांत मीही होतो. चौथ्या दिवशी ते सरकार गेलं, मामा मात्र परत आले नाहीत. मग जून २०२२ आला, जुलै २०२३ आला. दर वेळी तेच: रात्रीचा दीड, हातात फोन, छातीत धडधड. मी कुणाच्या बाजूचा ते सोडा, झोप दोन्हीकडच्यांची उडाली होती.

त्या दिवसांत मी तीन प्रकार लिहून पाहिले. लेखक व्हायची हौस नव्हती, डोळा लागावा एवढंच. कुणी विचारलं की 'मी काय लिहू?', तर माझा हिशेब असा आहे.

रोजनिशीला खर्च नाही. दोनशे पानी वही, एक पेन, आणि शुद्धलेखन तपासणारं कुणी नाही. तिघांपैकी हिच्याच पाठीशी थोडाफार पुरावाही आहे. जेम्स पेनबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगाबद्दल लिहायला बसवलं. लिहून उठल्यावर मुलं जास्तच खट्टू होती. पण ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांचं पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात जाणं कमी झालं. अर्थात ते प्रसंग खासगी होते, मंत्रिमंडळ विस्ताराचे नव्हते, आणि पुढच्या प्रयोगांत गुण आला तो बेताचाच.

माझी चूक काय झाली? मी चार दिवसांवर थांबलो नाही. तीन महिने लिहीत राहिलो आणि वहीचं वर्तमानपत्र झालं. 'आज अमुक असं म्हणाला, तमुकानं तसं उत्तर दिलं.' जे टीव्हीवर पाहून पोटात गोळा यायचा, तेच रात्री स्वहस्ते उतरवून काढायचो. शेवटी एक नियम केला: वहीत एकाही पुढाऱ्याचं नाव नाही, वाक्याचा कर्ता 'मी'. पहिल्या दिवशी अडीच ओळीच सुचल्या. त्यातली एक होती, 'मला मामांची आठवण येते.' तीन महिन्यांच्या वहीत हे वाक्य कुठंच नव्हतं.

वात्रटिकेची गंमत वेगळी. चार-सहा ओळी, शेवटी यमकाचा चिमटा, आणि मराठी माणसाला ती वर्तमानपत्रातून वाचून तोंडपाठ. विषयांना तर तोटाच नाही. गुवाहाटीच्या 'काय झाडी, काय डोंगार'नंतर गल्लोगल्ली कवी झाले होते. माझी एक ही:

काल रात्री विरोधात निजलो,
सकाळी सत्तेत जाग;
कूस तेवढी बदलली, साहेब,
धरता कशाला राग?

लिहिताना हसू येतं आणि राग खरंच उतरतो, अर्ध्या तासात. पण वात्रटिका वहीत राहत नाही हो! ती पाठवाविशी वाटते, पाठवली की अंगठे मोजावेसे वाटतात, मग कुणीतरी खोचक उत्तर देतो आणि रात्री दीडला फोन पुन्हा हातात. शिवाय पक्षांतरं इतकी भराभर होतात की यमक जुळेपर्यंत माणूस तिसऱ्याच पक्षात. मित्रांना हसवायचं असेल तर जरूर लिहा. झोपेचं औषध म्हणून मी तिला शेवटच्या नंबरावर ठेवीन. (मुक्तछंदातली कविताही करून पाहिली. तिच्याबद्दल न बोललेलं बरं.)

कथेला वेळ लागतो, आणि तोच तिचा फायदा. मी मामांवर लिहायला घेतली. त्यांना खलनायक करायचा बेत होता. पहिलंच वाक्य, 'पहाटे साडेपाचला तो डेअरीला दूध घालून आला.' पुढं अडलो. आल्यावर तो काय करतो? चहा घेतो, पेपर उघडतो? मग आठवलं, लहानपणी पाहिलेलं: मामा आधी खिशातली डेअरीची स्लिप काढून दिव्याखाली धरायचे. फॅट किती लागली, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) किती. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून भाव ठरतो, त्याखाली गेलं की कापतात. हे सगळं मला माहीत नव्हतं, म्हणून अडीच वर्षांनी फोन केला.

"मामा, एसएनएफ म्हणजे काय हो?"

"तुला कशाला पायजे? म्हैस घेतलीस का काय ठाण्यात?"

वीस मिनिटं बोलले. फोन ठेवता ठेवता निवडणुकीवर आलेच, मी 'हं' म्हणालो. कथा अजून अर्धवट आहे. पण त्यातला माणूस आता मला खलनायक म्हणून लिहिता येत नाही, आणि त्याचं मत मला आजही पटत नाही.

कथा राजकारणावरच हवी असंही नाही. सानेगुरुजी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात होते, राजकीय कैदी म्हणून. तिथं पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहून काढली. बाहेर चळवळ चालू होती आणि ते लिहीत होते कोकणातल्या आईबद्दल.

तेव्हा ठरवायचं असेल तर आधी बघा, झोप नेमकी कशानं उडालीय. बातमीनं उडाली असेल, तर रोजनिशी, तीही चारच दिवस. माणसामुळे उडाली असेल, म्हणजे भाऊ, सासरे, शेजारचे काका, तर कथा, आणि ती त्यांच्या बाजूनं. झोप, जेवण दोन्ही आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, तर लिहिणं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं.

आणि काहीही लिहिलंत तरी कागदावर लिहा. फोनवर लिहायला घेतलं की वरून बातमीची पट्टी सरकत येतेच.